उलटा चालणारा लाटसाहेब

त्याला सगळे लाटसाहेब म्हणत. किताब गाईड मंडळींनी चेष्टेत दिलेला, पण त्याला तो मापं घेऊन शिवल्यासारखा बसला. पितळी बटणांचा जुना कोट, पांढरी टोपी, वेताची काठी, आणि घंटाघराखाली बोलला तर बंदरावरच्या हमालाने मान वर करावी असा आवाज. हे गाव वसवणारे गोरे साहेब केव्हाच आपापल्या गलबतांत बसून निघून गेले होते. मागे राहिला किल्ला, गव्हर्नरचा बंगला, कस्टम हाऊस, चर्च, कबरस्तान. आणि हे सगळं दाखवून चूल पेटवणारे गाईड.

बाकीचे गाईड पुढे चालत आणि अधूनमधून मान वळवून बोलत. लाटसाहेब उलटा चालायचा. तोंड पाहुण्यांकडे, पाठ गावाकडे. प्रेक्षकांना पाठ दाखवणारा नट आणि पाहुण्यांना पाठ दाखवणारा गाईड, दोघांनाही घरी बसवावं, असं त्याचं ठाम मत. चौक, उतार, पायऱ्या, कमानी, सगळं तो मागे मागे सरकत पार करी आणि त्याला ठेच लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. नाकासमोर चालणारी माणसं पुष्कळ पाहिली, हा पाठीसमोर चालतो, असं चौकातला चहावाला म्हणायचा.

गव्हर्नरच्या बंगल्यापाशी तो घोळक्यातल्या सर्वांत लठ्ठ माणसाला सज्जात उभं करी आणि बाकीच्यांना खालून मुजरा घालायला लावी. सज्जात जावई आणि खाली सासरा असं जमून आलं की हसून हसून लोकांची मुरकुंडी वळे. कस्टम हाऊसच्या दाराला तो नाक लावायला सांगे. लाकडात लवंगेचा वास अजून आहे, म्हणे. काहींना तो यायचाही. कबरस्तानात शिरलं की मात्र आवाज खाली उतरे. टोपी काढून तो एकेका दगडापाशी थांबायचा आणि वाचून दाखवायचा. बायको, वय एकोणीस, ताप. मुलगा, वय दोन, ताप. खलाशी, बुडाला. पुन्हा मुलगा, पुन्हा ताप. ज्यांनी राज्य केलं त्यांनीही इथे पोरं पुरली, एवढंच बोलून तो पुढे निघे, म्हणजे मागे निघे.

त्या दगडांवरची अक्षरं त्याला दिसत नव्हती, हे मात्र त्याच्या बायकोशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

काचबिंदू होता. नजर कडेकडेने विझत आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचं असेल तर रोज थेंब घाला. उरलं होतं ते किल्लीच्या भोकातून खोलीत डोकावावं इतकं, आणि त्या भोकातही धुकं भरलेलं. गाईडचा बिल्ला पर्यटन कचेरी देत असे. डोळ्यांचं कळलं की बिल्ला जाणार, आणि बिल्ल्याशिवाय तो म्हणजे खुंटीला टांगलेला कोट. पण जो उलटा चालतो त्याने कुठे पाहिलं नाही, हे कुणाच्या लक्षात येणार? पाहुणे समोर, ते बोलतात, हसतात, त्यावरून कळतात. गाव पाठीमागे, ते पायांना पाठ.

अडचण एकच. गाव एका जागी राहत नाही. आज इथे खणतील, उद्या तिथली फरशी उचलतील. म्हणून त्याची बायको रोज सकाळी सगळा रस्ता चालून यायची. ती एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीवर कामाला होती. तिथे दिवसभर उभं राहायचं आणि त्याआधी ही पायपीट. चौकातून निघून किल्ल्याच्या तटापर्यंत जायची, परत येऊन उंबऱ्यावर चपला आपटायची, कारण तटावरच्या गवतात त्या भिजून जड होत, आणि मग चहा गाळता गाळता बातमी द्यायची.

"चर्चच्या दारात वाळू ओतलीय, डावीकडनं घ्या. बंगल्याची खालची पायरी हलतेय. आणि कबरस्तानात एक कुत्री व्यालीय. तिला मुजरा घालायला सांगू नका, चावेल."

तो डोळे मिटून ऐकायचा. नटाने तालमीत नवी जागा पक्की करावी तसा मनातल्या मनात एकदा सगळा रस्ता उलटा चालायचा आणि उठायचा.

अशी काही वर्षं निघाली. मग तिचे गुडघे बोलू लागले. तिने आडून सुचवलं, मग उघड सांगितलं, मग भांडली. तिच्या हॉटेलात सामान सांभाळायच्या खोलीवर त्याच्यासाठी बसून करायचं काम होतं, मुकादमाशी ती बोललीही होती. बिल्ले लावून देणं, पेट्या ओळीत ठेवणं. लाटसाहेबाने ऐकून घेतलं. पेट्यांना कुठे मुजरा घालता येतो, म्हणाला. हा एवढा हंगाम होऊ दे.

"हंगाम काय, दरवर्षी येतो," ती म्हणाली. "डोळे येणार आहेत का?"

टोपी घालून तो निघून गेला.

त्या हंगामाच्या ऐन भरात एका सकाळी तिच्या अंगात ताप होता. ती नेहमीसारखी उठली, जिना उतरली, आणि खाली पायरीवर बसून राहिली. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जाववेना. थोड्या वेळाने वर आली, चहा ठेवला, आणि त्याने विचारल्यावर म्हणाली, सगळं कालच्यासारखंच आहे.

उंबऱ्यावर चपलांचा आवाज झाला नव्हता. लाटसाहेबाच्या ते लक्षात आलं. ज्याचे डोळे जातात त्याचे कान असल्या गोष्टी सोडत नाहीत. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, आणि मग घरी बसावं लागलं असतं. आणि त्या दिवशी निवृत्त नर्सबायांचा एक मोठा घोळका लांबून येणार होता. त्यांनी कचेरीत नाव घेऊन त्यालाच मागितलं होतं. त्याने चहा संपवला. काही विचारलं नाही.

नर्सबाया फार रंगल्या. सज्जात त्यांनी आपल्या जुन्या मेट्रनला उभं केलं आणि आयुष्यभराचे हिशेब मुजऱ्यांत चुकते केले. लाटसाहेबाला इतकं हसू कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. हसू अंगात चढलं की नटाचे पाय जमिनीला लागत नाहीत, तसं त्याचं झालं. शेवटी तो त्यांना तटावर घेऊन आला. इथला शेवट ठरलेला. मागे मागे जात लोखंडी कठड्याला पाठ टेकायची, दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचं, हा सगळा समुद्र, सरकार, आता तुमचा.

कठडा आदल्या संध्याकाळी दुरुस्तीला काढला होता. वेल्डरने तिथे दोरी बांधून तिला तांबडी चिंधी लटकवली होती. चिंधी सगळ्यांना दिसत होती. लाटसाहेब दोरीकडे सरकत होता आणि बाया हसत होत्या. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. एकटी एक बाई हसायची थांबली. तिने डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी काढली होती. त्या टाचा कशा पडतायत ते तिने ओळखलं. ती धावली, कोट धरून तिने त्याला हिसक्यासरशी आत ओढलं. तो गवतात तोंडावर आपटला. तिचा मात्र तोल गेला, दोरी तुटली आणि ती खालच्या कोरड्या खंदकात पडली.

जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्या वयात ते धड जुळणार नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना हात धरून चालवणारी बाई आता कुणाच्या तरी हातावर राहणार होती.

गाईडांच्या संघटनेचा म्होरक्या, ज्याला सगळे मास्तर म्हणत, दुसऱ्याच दिवशी घरी आला. त्याने लाटसाहेबाची पाठ थोपटली. चौकशी लागलीय, पण घाबरू नकोस, म्हणाला. दोरी नव्हतीच, असं सांगायचं. चूक ठेकेदाराच्या माणसाची. चार गाईड साक्ष देतील. त्याने हे मोठ्या प्रेमाने सांगितलं, आणि जाताना लाटसाहेबाच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, याला जरा दूध द्या, उतरलाय."

चौकशीच्या दिवशी वेल्डर आला होता. त्याला आधीच कामावरून उठवलं होतं. घसा खाकरत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, की साहेब, दोरी बांधली होती, चिंधी माझ्या स्वतःच्या सदऱ्याची होती. चार गाईडांनी जमिनीकडे बघत साक्ष दिली. मग लाटसाहेबाला पुढे बोलावलं. भिंतीशी बाकावर त्याची बायको बसली होती. ती कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसल्यामुळे तो नेमका उलट्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"दोरी असणारच," तो म्हणाला. "मला दिसली नाही. मला काहीच दिसत नाही. बरीच वर्षं झाली."

मास्तरने डोक्याला हात लावला. मग अधिकाऱ्याने विचारायचं ते विचारलं. इतकी वर्षं रस्ता कसा कळत होता?

"बायको पाहून येऊन सांगते. त्या दिवशीही तिने सांगितलं होतं, कठडा काढलाय म्हणून. मीच विसरलो."

बाकावर ती उठून उभी राहिली, तोंड उघडलं, आणि परत बसली. तिने खरं सांगितलं असतं तर त्याच्या आधीच्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवला नसता, आणि वेल्डर पुन्हा अडकला असता.

बिल्ला तिथेच काढून घेतला. पोलिसांत प्रकरण जाईल असं अधिकारी म्हणाला, आणि ते पुढे गेलंही. वेल्डर बाहेर पायरीवर भेटला. आभार मानावेत की थोबाडीत मारावी हे त्याला कळेना. तो नुसता उभा राहिला आणि मग निघून गेला.

घरी येऊन तिने उंबऱ्यावर चपला काढल्या. मग म्हणाली, "मी त्या दिवशी गेले नव्हते. जिन्याखाली बसून होते."

"ठाऊक आहे," लाटसाहेब म्हणाला. "चपला वाजल्या नव्हत्या." तिचं ओझं उतरावं म्हणूनच तो हे बोलला होता.

"म्हणजे निघताना ठाऊक होतं?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

इतके दिवस ती स्वतःला त्या बाईच्या खुब्याची गुन्हेगार समजत होती. झोपेत दचकून उठत होती. आणि हा माणूस सगळं समजून टोपी घालून निघाला होता, चार टाळ्यांसाठी. म्हणजे ती रोज जात होती ती तरी कशासाठी? तिला ओरडायचं होतं, पण ओरडण्याइतकी ताकदही तिच्यात उरली नव्हती.

थेंबांची वेळ झाली होती. तिने बाटली आणली, त्याची हनुवटी वर केली, पापणी ओढून धरली. एक थेंब या डोळ्यात, एक त्या. मग बाटली त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"उद्यापासून तुमचे तुम्ही घाला," ती म्हणाली, आणि नर्सबाईंना दवाखान्यात नेऊन द्यायचं जेवण डब्यात भरायला लागली.