डेटा सेंटरच्या कागदावर माझी सही

जळगावकरांनो, आज दुपारी जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या कॉलनीच्या भिंतीपलीकडे केळीचं रान आहे. तिथे डेटा सेंटर आणि त्यासोबत मोठा आवाज करणारे जनरेटर येणार, म्हणून आज हरकतींची सुनावणी होती. शेजारच्या सुमनअक्काही आल्या होत्या. त्यांचे यजमान, नाना, लकव्याने अंथरुणाला खिळलेत. त्यांची खाट त्याच भिंतीकडच्या खोलीत आहे.

अक्कांनी विचारलं, "साहेब, आमना घरपाइन ते जनरेटर कितला लांब राहतीन?"

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी नियम चाळले. "अक्का, डेटा सेंटरसाठी वेगळं अंतर यात लिहिलेलं नाही. आणि कॉलनीतल्या लोकांची संमती आहे की." त्यांनी कागद पुढे केला.

त्यावर पहिलं नाव माझं होतं. कंपनीचा माणूस घरी आला, मुलीला नोकरी लागेल म्हणाला, आणि मी न वाचताच सही केली होती.

अक्कांनी कागदावरचं माझं नाव वाचलं.

मी उभा राहिलो. "साहेब, मी सही मागे घेतो." तिथेच बसून तसं लिहून दिलं. निर्णय तूर्त पुढे ढकललाय.

बाहेर आल्यावर मी अक्कांची माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, मी शेजारलेच व्हतू ना. माले एक डाव इचारनं व्हतं."



डेटा सेंटर नकोच, असं मी म्हणत नाही. पण घरांपासून अंतर किती, हे ठरण्याआधीच आपण सह्या देतोय. तुमच्याकडे असा कागद आला, तर सगळ्यात जवळ राहणाऱ्याला आधी विचाराल ना?