छड्यांचा ग्राफ

आमच्या गणिताच्या मास्तरांचा मला आजही संताप येतो. पण सरळ रेघेचा ग्राफ मला समजला तो त्यांच्यामुळेच. फळ्यावरून नव्हे, छडीवरून.

ही एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या शाळेत माझ्या बाकावर भवानी पेठेतल्या एका विणकराचा मुलगा बसायचा. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी बोलायचा. सकाळी घरच्या सुताला खळ लावूनच तो शाळेत येई. मास्तर दारातच त्याचे हात बघत. नखांत खळ दिसली की तिथंच एक छडी. हात सुजला की संध्याकाळी त्याला मागावर आडव्या धाग्याचा धोटा फेकता येत नसे. बापानं बजावून ठेवलं होतं, "हात असाच सुजत ऱ्हायला तर शाळा बंद. मागावर बसायचं." आणि याला तर मॅट्रिक व्हायचं होतं.

एके दिवशी मास्तरांनी चौकटीचे कागद वाटले आणि ग्राफ काढायला सांगितला. यानं बिंदू अगदी बरोबर मांडले, पण ते रेघेनं न जोडता मधल्या चौकटी एकेक करून काळ्या केल्या. त्याच्या घरी लुगड्याच्या काठाची नक्षी विणण्याआधी चौकटीच्या कागदावर अशीच काढत. तिरकी रेघ म्हणजे काळ्या चौकटींच्या पायऱ्या. इथंही तसंच असणार, असं त्याला वाटलं.

"रेघ काढ म्हटलं तर जिना बांधतोस?" मास्तर कडाडले आणि छडी सपासप चालू झाली. बोटं मिटली तर पेरांवर. ज्या चुकीला मला एक बसे, तिला त्याला दोन. कातडं फुटलं, कागदावर रक्ताचे थेंब पडले. माझं डोकं भणभणत होतं.

मास्तर हात झटकून फळ्याकडे वळले. "चढ वाढवला की रेघ उभट होते. एखादी संख्या मिळवली की तीच रेघ वर सरकते. कोण उदाहरण देतो?"

मी उठलो आणि खडू घेतला. "आडव्या रेघेवर चुका, उभ्या रेघेवर छड्या." शून्यातून एक रेघ ओढली. "ही माझी. चूक नाही तर छडी नाही." शेजारी दुसरी, जास्त उभट. "ही याची. चुकीला दुप्पट." मग ती पुसली आणि तितकीच उभट रेघ एक घर वर सरकवून काढली. "आणि ही याची खरी. दारातली छडी मिळवलेली. एकही चूक केली नाही तरी एक असतेच."

मास्तरांनी ग्राफ नीट पाहिला. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि छडी मोडेपर्यंत मला मारलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. तो हाताला चिंधी बांधून मागावर बसला होता. माझ्यादेखत धागा तुटला आणि बापानं मागून त्याच्या मुस्कटात भडकावली. मी चवताळून पुढं झालो, तर यानंच मला अडवलं.

बाप बाहेर गेल्यावर मी म्हणालो, "उद्या शाळेत चल. इथं तरी काय वेगळं आहे?"

"हाय की," तो गाल चोळत म्हणाला. "हितं चुकलं तरच मारत्यात. हितली रेघ शून्यातनं निघती."

आणि तो तुटलेला धागा जोडायला लागला.