छताची घडी

माझ्या मेहुण्याचा सुरतजवळ कडोदऱ्याला साड्यांवर भरतकाम करायचा कारखाना आहे. गेल्या वर्षी त्याला छत उघडणारी परदेशी गाडी घ्यायची लहर आली. बँकेतल्या माणसाला सगळं कळतं, या समजुतीने त्याने मलाच निवड करायला बसवलं.

पंधरा दिवस डोकं शिणवून मी निकाल दिला. यंदाची नको, चार वर्षांपूर्वीची घे. जुन्या गाडीचं छत पत्र्याचं, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं. नवीचं नुसतं कापडाचं. सुरतच्या उन्हात कापड? सांगितलंय कुणी!

"दाजी, तुम्ही म्हणाल ती," मेहुणा म्हणाला.

विक्रेत्याच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. आम्ही सह्या करायला आत गेलो, तोवर बाहेर सासूबाईंनी पूजा उरकलीसुद्धा. आपला पोरगा जुनी गाडी घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बॉनेटचा चटका बसत होता, म्हणून त्यांनी ओल्या कुंकवाचं हातभर स्वस्तिक काढलं ते नवीच्या फिक्या रंगाच्या कापडी छतावर. विक्रेत्याने पुसून पाहिलं, तर कुंकू आणखीच पसरलं. झक मारत नवीच घ्यावी लागली.

घरी येताना मेहुण्याने हौसेने बटणावर बोट ठेवलं, तशा मागून सासूबाई कडाडल्या, "खबरदार! स्वस्तिकाची घडी घालतोस?"

तेव्हापासून ते छत एकदाही उघडलेलं नाही. उन्हाने स्वस्तिक जरा फिकं पडलं, तेव्हा मला आशा वाटली होती. पण दिवाळीला सासूबाईंनी त्यावर कुंकवाचा दुसरा हात दिला.