एकमताने

पारकरकाकूंनी पहिल्याच सभेत मला वही खोडायला लावली. मी घाटकोपरच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. वेळ वाचावा म्हणून प्रत्येक ठरावाखाली 'एकमताने मंजूर' आधीच लिहून ठेवायची. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी वहीत डोकावून चष्मा सारखा केला. "एकमत खंयचा गो? एक मत माझा आसा, ता विरोधात. खोड!"

ठराव असा: घरकामाच्या बायकांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावे. सातव्या मजल्यावर स्वयंपाकाला येणारी सुशीला पन्नाशीची, गुडघे गेलेली. "लिफ्टमध्ये वास येतो ना," चेअरमन म्हणाले.

"तिच्या हातची भाकरी खाताना वास येना नाय?" काकूंनी विचारलं. सगळे हसले आणि ठरावाच्या बाजूने हात वर केले. मीही केला.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी लिफ्ट सोडली. वय एकाहत्तर. प्रत्येक मजल्यावर भाजीची पिशवी टेकवायची, दम घ्यायचा, पुढे चालायचं. चेअरमन लिफ्टच्या दारातून हटकायचे, "काकू, पडाल हां एक दिवस!"

"पडलंय तर उचलूक सुशीलाच येतली. तू लिफ्टीत आसतलस."

दर वर्षी नियम पुन्हा मंजुरीला यायचा, दर वर्षी काकूंचा हात विरोधात वर. मी 'बहुमताने, विरोध एक' लिहायची. सभा लांबते म्हणून मला राग काकूंचा यायचा. नियमाचा नाही.

काकू झोपेतच गेल्या. चेअरमन म्हणाले, "हट्टानं मेल्या." आणि तेच लिफ्ट पाचव्यावर अडवून उभे राहिले. "मानाने खाली न्या त्यांना."

मानाने! सुशीला समोर जिन्याच्या पायरीवर उभी होती. सात मजले गुडघे झिजवणारीला मान नाही, आणि जिने चढून विरोध करणारीला मेल्यावर लिफ्ट? माझं डोकं फिरलं.

"जिन्यानेच न्यायचं," मी ओरडले. सुशीलाने पुढे होऊन स्ट्रेचर धरला. दुसरी बाजू मी धरली.

गेल्या रविवारी सभा झाली. तोच नियम. "आता तरी लिहा, एकमताने," चेअरमन हसत म्हणाले. मी 'बहुमताने, विरोध एक' लिहिलं आणि पुढे माझं नाव घातलं.

एक. काकू असताना लिहिलं असतं, तर दोन झालो असतो.