समोरचा खिळा

ही माझी पाठची बहीण. सख्खी. घरात बारकी, दुकानात बारकी, गिऱ्हाइकांच्या तोंडीही बारकीच. तिची गोष्ट सांगायची तर तिच्या मोठ्या भावाला बाहेर ठेवता येत नाही, आणि मी मी करत बसलो तर लोक म्हणतील फुशारकी मारतोय. म्हणून त्याला आपण दादाच म्हणू. शिक्षण सातवी, पण पंक्चर काढण्यात अख्ख्या रस्त्यावर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. विचारा कुणालाही.

खाली सायकलचं दुकान, वर घर. त्या घरातली पोरं जगावेगळीच वाढली. पाहुणे आले की ही दोघं आधी त्यांच्या सायकलचं चाक बघायची, मग तोंड. जेवायला बसली की रिकामं ताट बोटावर फिरवायची, डुलतंय का बघायला. आई उलथनं उगारायची, "जेवायचंय त्यात, का हवा भरायचीय?"

आणि शाबासकी नावाची वस्तू त्या घरात नव्हती. चाक डुलायला लागलं की त्याला आउट म्हणतात. चावीने चाकाच्या तारा आवळून, सोडून तो आउट काढायचा. काढून झाला की बाबा रिंगेजवळ काडी धरून चाक फिरवायचे. काडीला कुठे घासलं नाही तर दुकानासमोरच्या खिळ्याला टांगायचे. घासलं तर भिंतीला टेकवून ठेवायचे. तोंडातून शब्द नाही.

दादाचं पहिलं चाक खिळ्यावर चढायला तीन महिने लागले. बारकीचं चढलं पहिल्याच दिवशी. वय वर्षं नऊ.

चावी कशी धरायची ते तिला शिकवलं कुणी? दादाने. दांडीवर बसवून शाळेत रोज नेलं कुणी? दादाने. आणि ही पोरगी डोळे मिटून नखाने तार छेडायची आणि म्हणायची, "ही ढिली." तीच ढिली असायची! दादाला डोळे फाडूनही कळायचं नाही. तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही. बारकी बावीसची झाली तरी दुखतच होतं. पोस्टमन दारात सायकल उभी करून आत डोकवायचा, "बारकी आहे का?"

"का? मी मेलोय का?"

"तू आहेस रे. पण चाकाचं काम आहे."

दादा हसायचा. आतून मात्र तळपायाची आग मस्तकात.

मग बाबांची नजर मंदावली. काडी आणि रिंग यांतली फट दिसेना. एका सकाळी त्यांनी आपलं बुटकं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पोस्टमनचं चाक आज बारकी करेल. पसंत पडलं तर उद्यापासून ह्या स्टुलावर ती."

वीस वर्षं दादा त्या स्टुलाकडे बघत होता. थोरला तो होता. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला.

दुपारी चाक करून बारकी वर जेवायला गेली. बाबा खुर्चीत पेंगत होते. दादाने चावी उचलली. एक तार अर्धा फेरा सोडली. चाक डुललं. बरं वाटलं. अजून एक सोडली, अजून एक, अशा चार. मग बसून गुपचूप ट्यूब घासायला लागला, जशी काही तिकडे नजरच गेली नाही.

बारकी खाली आली. बाबांनी काडी धरली आणि चाक फिरवायला लावलं. काडीला कुठेच घासलं नाही. मग ते नखाने तारा छेडत गेले आणि एके ठिकाणी थांबले.

"बारके, ह्या सोडल्यास का?"

"नाही बाबा. आवळल्या होत्या."

"दादा?"

"मला काय विचारता? मी पंक्चर काढतोय."

"चार ढिल्या आहेत, पण चाक डुलत नाही. डाव्या बाजूची तार सोडलीस की लगेच उजवीकडची पण सोडलीस. बिघडवायला बसलास आणि सरळ ठेवून उठलास, गाढवा! दुसरा कुणी असता तर वाकडं तरी करून गेला असता."

दादाचे कान लाल झाले. हाताने परस्पर केलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. बाबांनी आयुष्यात त्याच्या कामाबद्दल एवढं लांब बोलणं हे पहिल्यांदाच. शाबासकी मिळाली, ती अशी.

बाबांनी चावी बारकीच्या हातात दिली आणि वर निघून गेले. बारकी चावी पुसत बसली. ओरडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा खाली आला तर ती स्टुलावर बसलेली. चाक तसंच. चावी त्याच्यापुढे धरून म्हणाली, "तू सोडल्यास, तू आवळ."

त्याने आवळल्या. तिने काडी धरली, डोळे मिटले, एकेक तार छेडली आणि चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

"काय झालं?"

उत्तर नाही. अगदी बापावर गेलेली.

त्याने पुन्हा सगळं चाक तपासलं, घाम पुसत. या वेळी ती उठली आणि समोरच्या खिळ्याला टांगून आली. तेवढ्यात पोस्टमन आला.

"वा! कुणी केलं?"

"दादाने," बारकी म्हणाली.

पोस्टमनचा चेहरा जरा पडला. "पण तू एकदा बघितलंस ना?"

ती दादाकडे बघत राहिली. दादाने दात आवळले.

"तिनेच बघितलं," तो म्हणाला. "तिने बघितल्याशिवाय टांगत नाही आम्ही."