हेमकलाबाईंच्या घरातली दुसरी बाई

अकोल्याला गाडीत चढतानाच मी शैलाला बजावलं होतं, की अनोळखी माणसाच्या हातचं काही खायचं नाही. गाडी सुटायच्या आत तिने समोरच्या गृहस्थांच्या डब्यातले दोन पेढे खाल्ले. ते गृहस्थ पुण्यापर्यंत आमच्याशी इतके चांगले वागले, की माझा संशय आणखीच वाढला. त्यात माझा दोष नाही. मी उभी नोकरी जकात नाक्यावर काढली. ट्रकवाला 'कांदे' म्हणाला, की कांद्यांखाली काय आहे ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नसे. शैला म्हणते, लग्नाच्या मांडवातही मी तिच्याकडे तसाच पाहत होतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि रजा साठली होती. शैलाला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं आणि मला हेमकलाबाईंचं. हे नाव आता फार थोड्यांना आठवत असेल. कृष्णधवल ग्रामीण चित्रपटांच्या काळात या नावावर तंबू भरत. आमच्या गावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागे, आणि तिकीट न परवडणारी आम्ही पोरं बाहेर कनातीला पाठ टेकून बसत असू. त्यामुळे हेमकलाबाईंना मी आधी ऐकलं आणि बऱ्याच वर्षांनी पाहिलं. भरदार, जराशी खरखर असलेला तो आवाज; रागावल्या की वाक्यातला शेवटचा शब्द त्या हलकेच खाली सोडत. त्या आवाजावर माझा जीव जडला तो कायमचा. चेहरा पाहिल्यावर चेहऱ्यावरही जडला, पण पहिला मान आवाजाचा.

कोल्हापूरच्या स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने हाक मारली, "या पावणं (पाहुणे), कुठं सोडू?"

"मीटरनेच यायचं," मी आधीच सांगून टाकलं.

"मीटरनंच जातूय की! तुमच्याकडं कशानं जात्यात?"

त्याने खरोखर मीटरप्रमाणे पैसे घेतले, पिशवी लॉजच्या पायरीपर्यंत आणून दिली आणि वर दुपारी कुठे जेवायचं तेही सांगितलं. त्याने सांगितलं म्हणून मी दुसऱ्या खानावळीत गेलो. तिथे तांबडा-पांढरा (मटणाच्या ताटातले दोन रस्से) आला. तांबड्याने कानातून धूर काढला. पांढरा मात्र दुधासारखा दिसत होता आणि घशाखाली गेल्यावर मिऱ्यांची ओळख देत होता. दिसतं एक आणि निघतं एक, हे मला आवडलं नाही, पण तीन वाट्या प्यायलो.

संध्याकाळी आम्ही दूध कट्ट्यावर गेलो. भर रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या असतात आणि धार थेट तुमच्या ग्लासात काढून देतात. पाणी घालायला कुठेच जागा नव्हती, तरी मी गवळणीच्या हातांवर डोळा ठेवून होतो.

"बगा, नीट बगा," ती म्हणाली. "आत्ताच धार काढायला बसलो मी." इथल्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. मी ग्लास रिकामा केला. ओठावर फेस राहिला आणि शैला हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन उरकून मंगळवार पेठेत गेलो. हेमकलाबाईंचं घर विचारलं की लोक आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. पानपट्टीवाल्याने तर "घराच्या जागेसाठी आलासा काय?" असं तोंडावर विचारलं. शैला म्हणाली, "चला, इथे तुमच्या जातकुळीची माणसं भेटली."

बैठं, कौलारू घर होतं. आत दोन बायका बोलत असल्यासारखं वाटत होतं. मी कडी वाजवली आणि बोलणं एकदम तुटलं.

दार एका उंच म्हाताऱ्या बाईने उघडलं. चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण, कपाळावर आडवं कुंकू. मी हेमकलाबाईंचं नाव घेतल्याबरोबर तिने ओठ मिटले, मान हलवली आणि हातानेच बसायची खूण केली. पाणी आणलं तेही न बोलता. शैला हळूच म्हणाली, "मुकी आहे बिचारी." पण आत्ताच आत बोलत होतं कोण?

मग हेमकलाबाई आल्या. केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच होते आणि हनुवटीवरचा तीळही होता. मी उठून नमस्कार केला.

"बसा की, बसा. लई लांबनं आलासा," त्या म्हणाल्या.

मी बसलो तो खचूनच. आवाज घोगरा होता, चिरका होता, आणि बोलण्यात कानडी हेल इतका की निम्मं मराठी त्यातच विरघळलं होतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण त्या लगेच म्हणाल्या, "घशाचं ऑपरेशन झालं. तवापासून माझं आवाज गेलं."

मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. टाक्याची खूण नव्हती. आणि ऑपरेशनने घसा बिघडेल, पण कानडी हेल कसा येईल? चित्रीकरणात घोड्यावरून पडण्याच्या त्या गाजलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं, तर त्यांनी अगदी बारीकसारीक सांगितलं. पण ऐकून पाठ केलेलं माणूसही तसंच सांगतो. मग मी एका चित्रपटातलं वाक्य म्हणायला सांगितलं, एकच. त्या पदराशी चाळा करत राहिल्या. व्रणांची बाई स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर मी टिपली. नाक्यावर माल लपवलेला ड्रायव्हर क्लीनरकडे असाच पाहतो.

माझ्या डोक्यात सगळं जुळलं. खऱ्या हेमकलाबाई गेल्या असतील किंवा कुठेतरी एकट्या पडल्या असतील, आणि ही त्यांची कोणी नातेवाईक तोंडवळ्याच्या जोरावर घर, नाव, मान सगळं बळकावून बसली आहे. मला संताप आला.

"बाई, तुम्ही हेमकलाबाई नाही आहात," मी म्हणालो. "खऱ्या बाई कुठे आहेत?"

शैलाने माझा दंड धरला. मी थांबलो नाही. "तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. तुम्ही खोट्या आहात. मी इथे चौकशी केल्याशिवाय जाणार नाही."

त्यांनी हात जोडले, मान खाली घातली, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

ताट दाणकन खाली ठेवलं गेलं.

"ए पावणं! त्वांड आवरा!"

भरदार, जराशी खरखर असलेला आवाज. शेवटचा शब्द हलकेच खाली सोडलेला. व्रणांची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हीच हेमकला. घोड्यावरनं पडून खुब्याचं हाड मोडलं ती हीच. तुमी जिला बगून रडलासा ती हीच. तिला खोटी म्हणतासा? पडद्यामागनं बोलत हुतो ती मी. झालं समाधान?"

हेमकलाबाई उठून तिच्याजवळ गेल्या. "अक्का, तुझं शपथ मोडलं की गं."

"मोडली तर मोडली. तुला माझ्यासमूर खोटी म्हणावं आणि मी गप बसावं व्हय?"

थोड्या वेळाने सगळं कळलं. हेमकलाबाई सीमेकडच्या लिंगायत व्यापारी घरातल्या. रूप असं की चित्रपट कंपनीच्या मालकांनी पाहताक्षणी घेतलं, पण बोलणं पडद्यावर चालेना. अक्का म्हणजे अनसाबाई नाटक कंपनीतल्या. आवाज असा, पण चेहरा देवीने खाल्लेला. मालकांनी दोघींची मिळून एक नटी केली. आणि अनसाबाईंकडून देव्हाऱ्यापुढे बेलभंडारा उचलवून घेतला (बेलपान आणि हळद हातात घेऊन शपथ), की हेमकलेसाठी आलेल्या माणसापुढे तोंड उघडायचं नाही. मालक जाऊन कैक वर्षं झाली. चित्रपटही थांबले. अनसाबाई बाजारात भाजीवाल्यांशी कडाकडा भांडत, पण हेमकलाबाईंचं नाव घेऊन कोणी दारात आला, की मुक्या होत. शपथ माणसापुढे नव्हती, देवापुढे होती.

"आणि तुम्हाला कधी वाटलं नाही, लोकांना कळावं असं?" शैलाने विचारलं.

"वाटलं की. न वाटायला मी काय दगुड हाय?" त्या म्हणाल्या. "पर माझं नाव कळावं म्हणून हिचं जायाचं."

जेवायला बसलो. ज्वारीची कडक भाकरी होती, कारळ्याची चटणी, दही. मी पुन्हा पुन्हा क्षमा मागत होतो आणि हेमकलाबाई पुन्हा पुन्हा दही वाढत होत्या. शेवटी मी भीत भीत अनसाबाईंना म्हटलं, मघाचं ते वाक्य एकदा म्हणाल का? त्यांनी हेमकलाबाईंकडे पाहिलं. हेमकलाबाईंनी मान डोलावली. अनसाबाई बोलू लागल्या आणि मी डोळे मिटले. कनात, पेट्रोमॅक्सचा उजेड, थंडी, सगळं आलं.

"डोळे मिटून काय ऐकता?" शैला रागाने म्हणाली. "बोलणारी समोर बसलीय."

मी डोळे उघडले. अनसाबाई तशाच बोलत होत्या, माझ्याकडे बघत. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

निघताना हेमकलाबाई दारापर्यंत आल्या. "मी हाय तवर कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या. "लोक यायचं बंद होतील की. मग आम्ही दोघी काय करायचं?" मी शब्द दिला आणि त्यांचा फोन नंबर लिहून घेतला. अनसाबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या आणि पुन्हा त्यांचे ओठ मिटलेले होते.

परतीच्या गाडीत मी फारसा बोललो नाही. कांद्यांखाली काहीतरी आहे हा माझा वहीम खरा ठरला होता. जे निघालं ते मात्र मला जप्त करता येणार नव्हतं. शैलाने विचारलं, आता तुमची हेमकला कोणती? मी खिडकीबाहेर उसाचे फड बघत राहिलो. ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, आवाज अजून तसाच आहे का हो? मी म्हणालो, अगदी तसाच.

सात-आठ वर्षं मी तोंड उघडलं नाही. मग एका सकाळी पेपरात आतल्या पानावर बातमी आली: आपल्या मधुर आवाजाने रसिकांच्या मनावर राज्य करणाऱ्या अभिनेत्री हेमकला यांचं निधन. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि फोनपाशी गेलो. बराच वेळ घंटी वाजली.

"हॅलो."

क्षणभर वाटलं, बातमी खोटी आहे, बाई जिवंत आहेत. ज्याने सगळं स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, त्यालाही असं वाटलं. मी कसंबसं नाव सांगितलं.

"अकोल्याचं पावणं व्हय," पलीकडून आवाज आला. "काल धरनं फोन येत्यात. मी उचलला की माणसं भ्यायल्यागत खाली ठिवत्यात. ती गेली, शपथ गेली. आता बोलतोय मी, तरी ऐकू तीच येती सगळ्यांस्नी."

मी विचारलं, "आता लिहू का सगळं?"

"लिवा," त्या म्हणाल्या, "पर तिला खोटी म्हणू नगा."

माझा चेहरा पाहून शैला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"अनसाबाई," मी म्हणालो.