दारावरच्या रेघा

फ्रान्समधलं ते नदीकाठचं गाव तासाभरात पाहून झालं. दगडी पूल, चर्च आणि बायका पूर्वी धुणी धुवायच्या तो छपराखालचा घाट. लेक तिथे शिकते, म्हणून मी गेले होते. परतताना एका पावाच्या दुकानाबाहेर भिंतीवर आडव्या रेघा कोरलेल्या दिसल्या. कमरेशी एक, छातीशी दोन, प्रत्येकीशेजारी साल. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला मुलांच्या उंचीच्या अशाच रेघा आहेत. मी कौतुकानं भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि डोक्यावर तळहात आडवा धरला.

दुकानदार आजी झाडता झाडता थांबल्या. काहीतरी बोलल्या. लेकीचा चेहरा उतरला.

"आई, ती मुलांची उंची नाही. पुराचं पाणी आहे."

मी झटकन बाजूला झाले. आजींनी झाडूनं वर दाखवलं. शेवटची रेघ माझ्या तळहाताच्याही वीतभर वर होती. समोर नदी बदकं अंगावर खेळवत पडली होती, जन्मात कधी उंबरठा न ओलांडल्यासारखी.

"विचार त्यांना, मग इथे राहतात कशा?"

आजींनी आम्हाला आत नेलं. आतल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या पुसट रेघा होत्या, थेट आमच्या घरासारख्या. एकीवर बोट ठेवून त्या बोलल्या. लेक हळूच सांगत गेली, "ही मी, सात वर्षांची."

मग ते बोट वर सरकलं, माझ्या खांद्यापर्यंत, तिथल्या खोल कोरलेल्या रेघेवर.

"आणि ही नदी. त्याच वर्षीची."